प्लेगची टोचणी आणि लोकांची संमती

आजारी माणूस डॉक्टरच्या दारात आपल्या पायाने येतो. ताप चढलेला असतो, जीव घाबरा झालेला असतो, त्यामुळे कडू औषध तो मुकाट्याने घेतो. रोगप्रतिबंधाचे तसे नाही. तिथे धडधाकट माणसाला सांगावे लागते की, जो रोग तुला झालेला नाही आणि कदाचित होणारही नाही, त्याच्यासाठी आज दंड पुढे कर, दोन दिवस ताप सोस, राहते घर सोड, दुकानाला कुलूप लाव. एवढे करून त्याच्या पदरात जे पडते ते डोळ्यांना दिसत नाही, कारण टळलेला आजार कुणालाही दाखवता येत नाही. म्हणून उपचाराला औषधाचा गुण पुरतो, पण प्रतिबंधाला सांगणाऱ्याच्या शब्दाची पत लागते. मुंबई इलाख्यात १८९६ पासूनच्या दहा-बारा वर्षांत प्लेगला अटकाव करण्याचे दोन मार्ग जवळजवळ एकाच वेळी अवलंबले गेले. एक सक्तीचा, दुसरा समजावून टोचण्याचा. दोन्हींच्या नोंदी शिल्लक आहेत आणि त्या शेजारी ठेवून वाचता येतात. त्या वाचल्यावर माझे मत असे झाले आहे की, सक्तीने माणसे दुखावली गेली एवढाच तिचा दोष नव्हता. तिने रोगही आवरला नाही, आणि ज्या उपायाने तो काही प्रमाणात आवरला असता त्या उपायाची वाटही तिने अवघड करून ठेवली.

टोचून घेणे ही गोष्ट मुंबईकरांना १८९६ मध्ये नवी नव्हती. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली आणि हिंदुस्थानात ती यशस्वीपणे घेणारी ती पहिली ठरली. बगदाद आणि बसऱ्याच्या मार्गाने आलेली ती लस पुढे या दंडावरून त्या दंडावर अशी देशभर गेली. मराठीत या कामाला 'देवी काढणे' म्हणू लागले आणि ते करणारा सरकारी माणूस गावोगाव 'देवी डॉक्टर' झाला. ज्या देवीचा कोप होतो तिचेच नाव तिच्यावरच्या उपायाला देऊन लोकांनी तो उपाय घरात घेतला. त्याला वेळ लागला. एकाच्या दंडातला स्राव दुसऱ्याच्या दंडात घालण्याला जातीपातीच्या समाजात विरोध झाला, मुले लपवली गेली, आणि कालवडीच्या अंगावर वाढवलेली लस आल्यावर वेगळ्या शंका निघाल्या. मुंबई शहरात लहान मुलांना देवी काढण्याची सक्ती करणारा कायदा झाला तो १८७७ मध्ये. पहिल्या टोचणीला तेव्हा पंचाहत्तर वर्षे होऊन गेली होती. दोन-तीन पिढ्यांनी आपल्या आळीत टोचलेली मुले जगताना पाहिली होती, आणि त्यानंतर कायदा आला. प्लेगच्या वेळी सरकारने हाच क्रम उलटा केला. आधी हुकूम निघाला, आणि लोकांना पटवण्याचे काम मागाहून आठवले.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी बंदराच्या धान्याच्या वखारींभोवती राहणाऱ्या लोकांना काखेत आणि जांघेत गाठी येऊन ताप येऊ लागला. मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असे निदान केले आणि ते २३ सप्टेंबरच्या सुमारास जाहीर झाले. पहिल्यांदा खुद्द सरकारी वर्तुळातच त्यावर विश्वास ठेवायची तयारी नव्हती. मुंबई म्हणजे कापसाचे बंदर, आणि प्लेगचे नाव निघाले की युरोपातली बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे लावून घेणार हे व्यापाऱ्यांना आणि राज्यकर्त्यांना चांगले ठाऊक होते. निदान मान्य करावेच लागले तेव्हा हीच भीती उलट्या दिशेने काम करू लागली. आपण कडक उपाय करीत आहोत हे जगाला दाखवणे सरकारला गरजेचे झाले. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांनी रोग्यांना सक्तीने रुग्णालयात हलवण्याचे आणि त्यांची घरे ताब्यात घेऊन धुऊन काढण्याचे अधिकार जाहीर केले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. तिथे नेलेला माणूस परत येत नाही हे त्यांनी पाहिले होते आणि तिथे काय चालते हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. यानंतर आयुक्तांना हात आखडता घ्यावा लागला, आणि त्याचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. धास्तावलेले सफाई कामगार शहर सोडून गेले तर गटारे आणि शौचकूप कोण साफ करणार, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला होता. ज्यांच्यावर सक्ती करायची त्यांच्याच हातांवर शहराचे आरोग्य उभे होते. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या मुंबईतून तीन लाख ऐंशी हजारांच्या आसपास माणसे निघून गेली, असा तेव्हाचा अंदाज आहे. रोगाने पळाली तशीच ती उपायांच्या धास्तीनेही पळाली, आणि त्यांच्यातल्या काहींबरोबर रोगही इलाख्यात पसरला.

मुंबईच्या अनुभवातून माघार घेण्याचा धडा मिळायला हवा होता. कलकत्त्याच्या कायदेमंडळाने मात्र आठवड्याभरात साथरोगांचा कायदा संमत करून ४ फेब्रुवारी १८९७ रोजी तो लागू केला. हा कायदा एका पानात मावतो. पहिल्या कलमात नाव आणि व्याप्ती, दुसऱ्यात सरकारला वाटतील ते विशेष उपाय करण्याचा आणि प्रवाशांना अडवून तपासण्याचा अधिकार, तिसऱ्यात हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि चौथ्यात कायद्याखाली काम करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण. लोकांना काय सांगायचे, तक्रार कुठे करायची, जाळलेल्या सामानाचे काय, यांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. पुण्यात याच कायद्याखाली वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्या पेठांमधून घरे झडतीला घेऊ लागल्या. बूट घालून माजघरात आणि देवघरात शिरणे, बायाबापड्यांच्या काखा-जांघा तपासणे, अंथरुणे-पांघरुणे जाळणे, घरातल्या निरोग्यांनाही छावणीत नेऊन ठेवणे, असे दोन महिन्यांहून अधिक काळ चालले. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या समारंभातून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला. दामोदर चापेकरांना फाशी झाली आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हा राजकीय इतिहास मराठी वाचकाला पाठ आहे. आरोग्याचा इतिहास म्हणून तो क्वचितच वाचला जातो, आणि मला तो तसा वाचायचा आहे.

रँड यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते आधी मांडले पाहिजे. साथ जोरात असताना लोकांची मनधरणी करीत बसायला वेळ नसतो, एकाने आजार लपवला तर दहा मरतात, आणि दहांना वाचवण्यासाठी एकाला त्रास देणे सरकारचे कर्तव्यच ठरते. शिवाय स्त्रियांचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार आली नाही, असे रँड यांचे स्वतःचे म्हणणे होते. ते सर्वस्वी खरे मानले तरी प्रश्न मिटत नाही. केसरी आणि सुधारक ही एकमेकांशी जन्माचे वाकडे असलेली पत्रे झडत्यांविरुद्ध एका सुरात बोलत होती. त्यातल्या केसरीच्या टिळकांनी तर सुरुवातीला लोकांना सहकार्य करायलाच सांगितले होते, स्वतः शहरात राहून हिंदूंसाठी वेगळे प्लेग हॉस्पिटल उभारायला मदत केली होती. अशा माणसालाही जी मोहीम आपलीशी वाटेना, तिच्याविरुद्ध तक्रार आली नाही याचा अर्थ तक्रार करण्यात काही हशील आहे असे कुणाला वाटत नव्हते, एवढाच निघतो. पण निकराच्या वेळी सक्ती करावीच लागते, हा आक्षेपाचा मुख्य भाग आहे, आणि त्याचे उत्तर भावनेने देता येणार नाही. सक्तीने साथ आटोक्यात आली का, हे पाहिले पाहिजे.

वरवर पाहता आली. मे १८९७ मध्ये पुण्यातला प्लेग ओसरला आणि शिपाई बराकीत परतले. पण त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर तो परत आला आणि ही दुसरी साथ पहिलीपेक्षा जबर होती. उन्हाळ्यात ओसरायचे आणि पुढे पुन्हा उसळायचे, ही प्लेगची चाल पुढच्या वर्षांत झडत्या असोत वा नसोत दिसत राहिली. याचे कारण तेव्हाच्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदराच्या पिसवेमार्फत येतो असे प्रयोगाने दाखवले, त्याची हेटाळणी झाली, आणि पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन आणि १९०५ नंतर परळला काम करणाऱ्या संशोधन मंडळाने ते पक्के केले. कडक उन्हाळा पिसवांना मानवत नाही, म्हणून साथ बसते. हे लक्षात घेतले की १८९७ च्या उपायांचा अर्थच बदलतो. कार्बोलिकचे पाणी जमिनीवर ओतून, कौले काढून, भिंतींना चुना लावून, माणसांना ओढून नेऊन शिपाई ज्या शत्रूला शोधत होते तो त्यांच्या यादीतच नव्हता. घरे उपसली की उंदीर शेजारच्या घरात जात आणि आपल्याबरोबर रोग नेत. गाठीचा प्लेग एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही, त्यामुळे रोग्याला घरच्यांपासून तोडून जो लाभ अपेक्षित होता तो फारसा मिळणारच नव्हता. अज्ञानाबद्दल मी त्या अधिकाऱ्यांना दोष देत नाही. दोष याचा आहे की अपुऱ्या ज्ञानावर त्यांनी पुरी सत्ता चालवली. ज्या उपायाबद्दल स्वतःलाच खात्री नाही तो लोकांना विचारून, बदलत, मागे घेत करायचा असतो. सक्तीला ही सोय नसते, कारण चूक कबूल केली की तिचा धाकच संपतो.

आणि लोकांजवळ काहीच ज्ञान नव्हते असेही नाही. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात, माळावर झोपड्या घालून राहायचे, ही रीत जिथे जिथे प्लेगचा मुक्काम पडला तिथे लोकांनी धरली. कुमाऊँ-गढवालच्या पहाडी मुलखात ती आधीपासून चालत आलेली होती. पिसवांचे शास्त्र माहीत नसतानाही तिने माणूस आणि पिसू यांच्यात अंतर पडत होते. पुढे सरकारी तज्ज्ञांनीही वस्ती हलवणे हा उत्तम उपायांपैकी एक मानला. पण आरंभीच्या महिन्यांत हलणाऱ्या माणसालाच गुन्हेगार समजून स्टेशनांवर अडवले गेले. लोकांची शुश्रूषेलाही ना नव्हती. पुण्याबाहेर डॉ. यशवंत फुले यांनी माळावर उघडलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्याचे सांगितले जाते. त्या सेवेतच रोग जडून १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले, म्हणजे झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधी. मुंबईतही निरनिराळ्या समाजांनी आपापली प्लेग रुग्णालये उघडली तेव्हा तिथे माणसे आपण होऊन जाऊ लागली. रुग्णालयाचे वावडे लोकांना नव्हते. जिथे आपले कुणी नाही, जिथे अन्नपाण्याचा आणि अंत्यविधीचा भरवसा नाही, अशा जागेची त्यांना भीती होती.

याच काळात, याच मुंबईत दुसरा मार्ग एका खोलीत आकार घेत होता. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आले होते आणि ती त्यांनी हजारोंना टोचली होती. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. तिथे त्यांनी प्लेगचे जंतू वाढवण्याची जी रीत बसवली ती जवळून पाहण्यासारखी आहे. काचेच्या चंबूत मांसाचा रस्सा भरायचा आणि त्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. जंतू त्या तुपाच्या तवंगाला धरून खाली लोंबकळत वाढत, गुहेच्या छताला चुनखडीचे सुळके लोंबतात तसे. दोन-तीन दिवसांनी चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसत आणि वर नवे धरू लागत. पाच-सहा आठवडे असे पीक घेतल्यावर सगळे मिश्रण तासभर तापवून जंतू मारायचे, त्यात थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे आणि बाटल्या भरायच्या. रश्शासाठी त्यांनी गोमांस किंवा डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस घेतले. प्रयोगशाळेच्या दृष्टीने हा फरक किरकोळ होता. पण ज्या दंडात ही लस जाणार तो हिंदूचा असेल किंवा मुसलमानाचा, याचा विचार हा माणूस चुलीपासून करीत होता. सरकारी कागदांत या लशीला प्लेग प्रोफिलॅक्टिक म्हणत, आणि लोक नुसते टोचणी म्हणत.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी पहिली टोचणी स्वतःला करून घेतली, आणि तीही पुढे इतरांना देत त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेची. ताप आला, दंड सुजला, आणि ते काम करीत राहिले. महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा कैद्यांपैकी सुमारे निम्म्यांनी टोचून घेतले. टोचणीच्या आधीच रोग लागलेले पहिल्या दिवसाचे रोगी सोडले, तर न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि कुणी दगावले नाही. इथे आजचा वाचक विचारील की कैद्याची संमती ही संमती कशी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर नाही. तुरुंगात 'हो' म्हणणाऱ्याच्या मनात काय होते हे कळायला मार्ग नाही. एवढेच म्हणता येते की विचारले गेले, आणि नाही म्हणणारे निम्मे होते. संमतीची ही पातळी आजच्या कसोटीला उतरणार नाही, पण त्याच आठवड्यात कलकत्त्यात संमत होत असलेल्या कायद्यापेक्षा ती वरची होती.

मग आकडे वाढत गेले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणमध्ये त्या वसंतात आठ हजारांवर वस्तीपैकी २,१९७ लोकांनी टोचून घेतले आणि त्यांतले ३६ मेले. न टोचलेल्या ६,०३३ पैकी १,४८२ मेले. शंभरात दोनाहून कमी आणि शंभरात सुमारे पंचवीस, असा हा फरक. यावर शंका घेता येते. टोचून घेणारे बहुधा सुस्थितीतले, हवेशीर घरांत राहणारे असतील, तर वाचवले लशीने की घराने? या शंकेचे उत्तर बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावाने दिले. तिथे फेब्रुवारी १८९८ मध्ये प्रत्येक कुटुंबातल्या निम्म्या माणसांना टोचले गेले. घर एक, चूल एक, उंदीरही तेच. सहा आठवड्यांनी ज्या २८ घरांत प्लेग आला होता त्यांचा हिशेब केला, तेव्हा टोचलेल्या ७१ माणसांपैकी ८ आजारी पडली आणि ३ मेली, तर न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडली आणि २६ मेली. एका घरातल्या अर्ध्या माणसांना संरक्षणावाचून ठेवणारा असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि करू देऊ नये. पण त्या आकड्यांनी जे सिद्ध केले ते नाकारता येत नाही. लस निर्दोष नव्हती, तिचा असर काही महिन्यांचा होता, ती घेतल्यावर एक-दोन दिवस चांगला ताप येई. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालच्या प्लेग कमिशनने तिच्या मात्रेच्या अनिश्चितपणावर बोट ठेवले, आणि तरीही ती रोग आणि मृत्यू दोन्ही कमी करते असाच निर्वाळा दिला.

हिंदुस्थानी माणूस अंधश्रद्ध, त्याला कितीही समजावले तरी तो टोचून घेणार नाही, मग सक्तीवाचून गत्यंतर काय, असा दुसरा आक्षेप तेव्हाही होता. अफवा खूप होत्या हे खरेच. माणसांना मारून त्यांच्यापासून मोमियाई नावाचे औषध काढतात, मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला डांबर फासले म्हणून राणीने माणसांची काळजे मागितली आहेत, असे लोक बोलत. पण अफवा कुठे पिकते हे पाहावे. ज्या रुग्णालयात नातेवाइकाला शिरता येत नाही आणि जिथून प्रेतही मिळण्याची खात्री नाही, तिथल्याबद्दल माणूस अंदाजच बांधणार. जिथे माहितीची दारे उघडी होती तिथे चित्र वेगळे दिसते. खोजा समाजाचे तरुण धर्मगुरू सुलतान महंमद शाह आगाखान यांनी हाफकिन यांना प्रयोगशाळेसाठी आपले खुशरू लॉज दिले आणि अनुयायांच्या देखत स्वतःला एकदा नव्हे, अनेकदा टोचून घेतले. त्यांच्यामागून हजारो खोजांनी दंड पुढे केले. १८९८ मध्ये हुबळीत सुमारे पन्नास हजार वस्तीपैकी तीस हजारांहून अधिक लोकांनी टोचून घेतले. धर्म तोच, अडाणीपणा म्हणाल तर तोच. फरक होता तो विचारण्याच्या रीतीत आणि विचारणाऱ्या माणसात. हुबळीतली संमती अगदी निर्भेळ नव्हती, हेही सांगितले पाहिजे. टोचल्याचा दाखला असणाऱ्याला छावणीत जाण्यातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सूट मिळे, म्हणजे एका जाचाचा धाक दाखवून दुसरी गोष्ट गळी उतरवली जात होती. तरीही सवलत देऊन वळवणे आणि दार फोडून ओढणे यांत फरक आहे, आणि अनुभवाने पोळलेल्या सरकारने शतक संपेपर्यंत हा फरक पुष्कळसा मान्य केला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर हाउसमध्ये प्लेगची प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली आणि तिथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

संमतीचा मार्ग एवढा चांगला होता तर १९२१ पर्यंतच्या पंचवीस वर्षांत देशात सुमारे एक कोटी माणसे प्लेगने का मेली, हा तिसरा आणि सर्वांत अवघड आक्षेप आहे. त्याचे एक उत्तर पुरवठ्याचे आहे, सगळ्या देशाला पुरेल इतकी लस नव्हती. दुसरे उत्तर पंजाबातल्या मुल्कोवाल गावात सापडते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी तिथे १०७ जणांना टोचले गेले, आणि त्यांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने मेले. चौकशी समितीने दोष परळच्या प्रयोगशाळेकडे वळवला आणि हाफकिन यांना दूर करण्यात आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, हे साक्षीत आलेले होते. पण समितीचा संपूर्ण अहवाल वर्षानुवर्षे लोकांपुढे आलाच नाही. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आणि त्यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र लिहिले, त्यानंतर हाफकिन निर्दोष ठरले. तोवर पाच वर्षे गेली होती आणि पंजाबातली टोचणीची मोहीम कोलमडली होती. एका चिमट्याने १९ माणसे मेली. सरकार गप्प राहिले, त्यामुळे टोचणी नाकारून किती मेली याची मोजदाद नाही. घटनेनंतर महिन्याभरात, काय झाले, कुठे झाले आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय केले, हे गावोगाव सांगितले असते तर लोकांनी ते ऐकले असते, असे मानायला देवीच्या लशीचा इतिहास आधार देतो. तिथेही अपघात झाले होते, पण समाजाने तो उपाय टाकला नाही. सक्ती जसा विश्वास मारते तसा लपवलेला पुरावाही मारतो, आणि दोन्हींची किंमत सारखीच चुकवावी लागते.

परळच्या त्या संस्थेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव दिले गेले, आणि पुढे हाफकिन संस्थेने लशींच्या क्षेत्रात मोठे काम केले. १८९७ चा कायदाही तसाच टिकला. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने त्याचाच आधार घेतला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना शिक्षा करणारी. ती गरजेची होती, पण नागरिकाला कारण जाणून घेण्याचा, दाद मागण्याचा हक्क त्या दुरुस्तीनेही दिला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६ व्या अहवालात या कायद्याचा फेरविचार सुचवला आहे, म्हणजे तो नव्याने लिहिण्याची वेळ आली आहे. तो लिहिताना साथीच्या काळात सरकारला अधिकार असूच नयेत, असे कुणी म्हणणार नाही. आजारी माणसाने काही दिवस वेगळे राहावे, अशी आज्ञा कधी कधी द्यावीच लागेल. पण आज्ञा देणाऱ्याने तिचे कारण, तिचा पुरावा आणि तिची मुदत लोकांच्या भाषेत जाहीर करावी, उपायाने कुणाला इजा झाली तर चौकशीचा अहवाल ठरलेल्या दिवसांत प्रसिद्ध करावा, आणि नुकसान झालेल्याला दाद मागण्याची जागा असावी, ही बंधने कायद्यातच असली पाहिजेत. ही केवळ उदारपणाची मागणी नाही. प्रतिबंध यशस्वी व्हायचा तर त्याला हे लागते, असे मांडवी, पुणे, उंढेरा, हुबळी आणि मुल्कोवाल यांनी दाखवले आहे. १८९७ च्या कायद्याच्या मूळ चार कलमांत लोकांच्या हक्काचे एकही कलम नव्हते. नव्या कायद्यात ते पहिले असावे.